पांगुळघराचा पुंजाजी

पुंजाजी माळी पांगुळघरात आला की आधी आडवा व्हायचा. तपासणीला आलेला माणूस हात मागे बांधून चार कोपरे पाहील, भिंतीवरून बोट फिरवील, कारभाऱ्याला दोन शब्द सुनावील, अशी आपली समजूत असते. पुंजाजी दारात जोडे काढायचा, पागोटं खुंटीला लावायचा आणि पहिल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणायचा, "सरका जी थोडे." म्हातारा सरकला की त्याच्या शेजारी उताणा पडून राहायचा. डोळे उघडे. थोड्या वेळाने एक कूस, मग दुसरी कूस, मग उठून पुढची खाट. पहिल्या खेपेला मला वाटलं, याला ऊन लागलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो. तर म्हणाला, "हे नको जी. याच्या उशाशी जे पाणी हाय, ते द्या."

ते पाणी त्याने प्यायलं, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाला, "लिहा. गाडगं धुतलं नाई."

मी तेव्हा अमरावतीच्या पांगुळघराचा कारभारी होतो. अमेरिकेत कसलीशी लढाई पेटली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातला कापूस सोन्यासारखा विकला जात होता. अमेरिका कुठे आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती लढाई लवकर थांबू नये म्हणून बाजारात नवस बोलले जात होते, हे मी कानांनी ऐकलं आहे. हात चालतात तोवर प्रत्येकाला काम होतं. ज्यांचे हात थांबले त्यांच्याकडे पाहायला मात्र कुणाला सवड नव्हती. रेच्यावर कापसातली सरकी काढून काढून छाती भरलेले बुढे, गाडीच्या चाकाखाली पाय गेलेले गाडीवान, लेक-सून रुई पिंजायला परगावी गेली आणि परतलीच नाहीत अशा म्हाताऱ्या, अशी माणसं कापसाच्या बाजारात भिंतीकडेला पडून असायची. व्यापाऱ्यांना रोज त्यांना ओलांडून जावं लागे. शेवटी पंचांनी धर्मादायातून दोन पांगुळघरं काढली, एक अमरावतीला आणि एक अकोल्याला. दया आली म्हणून काढली की वाट अडत होती म्हणून, ते मी ठरवत नाही. छप्पर झालं हे खरं.

घरं झाली तशा कागाळ्याही सुरू झाल्या. तेव्हा पंचांना असा एक तपासनीस हवा झाला, ज्याचा कापसाशी संबंध नाही, म्हणजे तो कुणाच्या बाजूने बोलणार नाही. त्या वर्षांत अमरावतीत असा माणूस शोधणं सोपं नव्हतं. देवळाच्या सभामंडपात कापूस होता. पंतोजींच्या ओटीवर कापूस होता, पोरं अंगणात बसून पाढे म्हणायची. वैद्यबुवा नाडीवर बोट ठेवून रोग्यालाच आजचा भाव विचारायचे. शोधता शोधता नाल्याकाठी वांगी, मेथी आणि झेंडू लावणारा पुंजाजी सापडला. सगळ्यांनी मळे मोडून कापूस पेरला तरी त्याने पेरला नव्हता. काहून, असं विचारलं की म्हणायचा, "कापूस शिजत नाई जी." त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून लिहायला मी. असा तो माझ्या गळ्यात पडला.

उंच, वाळलेला, खांद्यात वाकलेला माणूस होता. चेहरा कायमचा दमलेला. भेटला की राम राम म्हणायच्या आधी म्हणायचा, "थकलो जी." सकाळी भेटला तरी थकलेलाच. मी एकदा चिडून विचारलं, अहो, आत्ता तर उठलात. तर म्हणाला, "उठनंच लय जड जाते." आमच्या पांगुळघरातले लोक त्याच्यापेक्षा टवटवीत दिसतात, असं मी गमतीने म्हणायचो. त्यालाही ते पटायचं.

तो कुणाच्या अंथरुणात लोळतो, कुणाच्या गाडग्यातलं पाणी पितो, यावर गावात बरीच चर्चा झाली. जातीतल्या चार जणांनी त्याला बोलावून जाबही विचारला. त्याने सांगितलं, "घरी गेलो का आंघोळ करतो ना जी." चार जणांनी मग पानाचा डबा पुढे ओढला.

आडवं पडून त्याला काय दिसायचं, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळलं. आमच्याकडे दाराजवळच्या खाटेवर एक लकव्याचा गाडीवान होता. एका कुशीवर ठेवला की त्याच कुशीवर राहायचा. त्याच्या शेजारी पुंजाजी बराच वेळ पडला आणि मग मला म्हणाला, "कारभारी, या. निजा इथं." मी नाखुशीनेच टेकलो. "काय दिसून राहिलं?" समोर ओसरीची भिंत होती. भिंतीला बांबू टेकून ठेवले होते, तिरडीचे. कुणी गेलं की ऐनवेळी शोधाशोध नको, म्हणून पहिल्यापासून ते तिथेच उभे असायचे. त्यांच्यावरून येता जाता आमची नजर फिरत होती, पण ते दिसले नव्हते. पुंजाजी म्हणाला, "हा बुढा रोज डोये उघडते अन् आधी आपली तिरडी पाहते." बांबू त्याच दिवशी मागच्या छपरात गेले. गाडीवानाला बोलता येत नव्हतं, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

दुसरी एक गोष्ट सरजाबाईची. सरजाबाई आंधळी आणि आवाजाने दणकट. तिला पुंजाजीने सांगितलं, "बाई, तहान लागली असं समजा अन् हाका मारा." आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसला. बाईने आधी लाजत हाक मारली, मग जरा मोठ्याने, मग "मेले का सारे? पानी द्या ना रे" असं सुरू केलं आणि शेवटी पंचांच्या मातापित्यांपर्यंत पोहोचली. स्वयंपाकघरात चुलीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. स्वयंपाकीणबाई शांतपणे भाकरी थापत होती. पुंजाजी उठला, तिचा पाट आणि परात उचलून सरजाबाईच्या खोलीकडच्या खिडकीखाली नेली आणि म्हणाला, "आतापासून इथं थापा." सरजाबाईला हा खेळ इतका आवडला की पुढच्या प्रत्येक खेपेला तो आल्याचं कळताच ती न सांगता शिव्या द्यायला लागायची.

पंचांशी बोलतानाही त्याचा तोच थकलेला सूर असे. शेटलोकांना पुण्य हवं असायचं आणि ते सगळ्यांना एकाच दिवशी हवं असायचं. संक्रांतीला चार घरांतून पुरणपोळ्या, दोन घरांतून लाडू, एकाकडून बासुंदी. म्हाताऱ्यांनी वर्षभराची हौस भागवायची आणि पुढचे दिवस मी निस्तरत बसायचं. पुंजाजी पंचांपुढे जाऊन म्हणाला, "शेटजी, पुण्य वाटून घ्या जी. आज एकानं या, उद्या एकानं. सारे मिळून आले का आमचे बुढे सरगाले जायची घाई करतात." पंच हसले. पुढच्या संक्रांतीला पुन्हा सगळे एकाच दिवशी आले.

असंच चालायचं. आम्ही तपासायचो, मी लिहायचो, पंचांपुढे वाचायचो. पंच "बरं बरं" म्हणायचे. विहिरीचा दोर जुना झाला आहे, हे मी इतक्या वेळा लिहिलं की नंतर पाहायच्या आधीच लिहून ठेवायला लागलो. मला त्या कामाचा वीट आला होता, हे लपवत नाही. पुंजाजीलाही आला असेल. पण तो दर खेपेला विहिरीवर जाऊन दोर पुन्हा हातात धरून पाहायचा आणि मग सांगायचा, "लिहा. दोर जुना हाय."

अकोल्याला आम्ही बैलगाडीने जायचो, बडनेरा, मूर्तिजापूर करत. वाटभर कापसाच्या गाड्यांची रांग आणि तिच्यामागे धूळ. त्या वर्षी दिवाळीनंतर थंडी कडाक्याची पडली होती. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी उतरलो तेव्हा माझे ओठ फुटले होते. अकोल्याचं पांगुळघर ज्या इमारतीत होतं ती हरकचंदशेटची. शेट पंचांपैकीच एक, मोकळ्या मनाचा, बोलायला गोड. आम्हाला पाहून म्हणाला, "पुंजाजी, यंदा तपासाले काई ठेवलं नाई. राजाच्या घरी नसन असं सुख देल्लं बुढ्याईले."

आत गेलो. बुढ्यांच्या खोलीतल्या खाटा नाहीशा झाल्या होत्या आणि खोली सरकी काढलेल्या मोकळ्या रुईने भरली होती, मागच्या भिंतीला तर आढ्यापर्यंत. शेटच्या कोठ्या भरल्या, बाजारात जागा मिळेना, तेव्हा त्याने माल इथे आणून टाकला होता. आणि त्या रुईत गळ्यापर्यंत शिरून आमचे म्हातारे पडले होते. नुसती डोकी दिसत होती. शेटला त्यात काही लबाडी केली असं वाटत नव्हतं, हे मला आजही सांगितलं पाहिजे. तो मनापासून म्हणाला, "लक्ष्मी हाय ते. लक्ष्मीच्या मांडीवर निजवलं त्याईले."

पुंजाजीने पागोटं काढलं आणि रुईत जाऊन पडला. इतका वेळ पडला की मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "कारभारी, लय ऊब हाय जी." ते तो इतक्या पडलेल्या आवाजात म्हणाला की मी जवळ गेलो. त्याच्या शेजारी झिंगराजी होता. सगळा जन्म रेच्यावर गेलेला, आता कमरेखाली जीव राहिला नव्हता. त्याच्या हातात पेटलेली चिलीम होती. आमच्या देखत तिच्यातून गोवरीची एक ठिणगी उडून रुईवर पडली. नखाएवढा काळा डाग पडला, धूर निघाला. झिंगराजीने न पाहता अंगठ्याने ती दाबून टाकली. त्याच्या आजूबाजूला तसे पुष्कळ डाग होते.

पुंजाजी उठून बसला. "झिंगराजी, हे असं रोज होते?"

"होते ना. दाबलं का इझते."

"अन् झोप लागली तं?"

झिंगराजीने चिलीम खाली ठेवली. "पुंजाजी, कापूस काढान तं थंडीनं मरू. ठेवान तं जयून मरू, असं म्हनता. थंडी तं रोज येते. आग आली का आजवर? रायू द्या जी." बाकीची डोकीही रुईतून हलली. रायू द्या, रायू द्या, म्हणू लागली. एक म्हातारा रडायलाच लागला. त्यांनी कित्येक हिवाळे फाटक्या गोधडीत काढले होते. आता कुठे अंग गरम झालं होतं आणि हा माळी ते काढून घ्यायला आला होता.

पुंजाजी शेटकडे गेला. कापूस हलवा, निदान घोंगड्या तरी द्या म्हणजे यांना रुईत शिरावं लागणार नाही. शेट रागावला नाही. पण म्हणाला, "घर मायं हाय. मले जागा लागते. कापूस बाहीर जाईन तं माणसंबी जातीन. तुमी सांगा, कोनाले काढू?"

पुंजाजीने पागोटं घातलं आणि गाडीत जाऊन बसला. अमरावतीला पंचांपुढे मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि एक पंच हसून म्हणाले, "अरे, आमची नातवंडं घरात रुईवर लोळतात." आणि ते खरंच होतं. त्या वर्षी वऱ्हाडात कापूस नाही असं घर नव्हतं आणि त्याच घरात चूल, दिवा, चिलीम सगळं होतं. ज्या मालाने दिवस पालटले तो माल आपल्याला जाळील, हे कुणाच्या मनात येत नव्हतं. आलं असतं तर तसं बोलणाऱ्यालाच अपशकुनी म्हटलं असतं. घोंगड्यांचं पाहू, असं ठरलं. पुंजाजीने राम राम घातला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको गिरजाबाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बुढा अकोल्याले गेला. कापूस उचलेस्तोर तिथंच बसतो म्हने. तुमी काई बोलले का त्याले?" मी काहीच बोललो नव्हतो.

मी पुढे अकोल्याला गेलो तेव्हा काय बघितलं, ते सांगतो. अंगणात लिंबाखाली पुंजाजी बसला होता. त्याच्यापुढे खड्ड्यात गोवरी धुमसत होती आणि शेजारी टोपल्यात सगळ्यांच्या चिलमी. आत आगीची एक काडी जाऊ द्यायची नाही, हा त्याचा नियम. ज्याला ओढायची असेल त्याने बाहेर यायचं, लिंबाखाली बसून ओढायची, चिलीम टोपल्यात टाकून आत जायचं. चालणारे चालत यायचे. न चालणाऱ्यांना तो पाठीवर घेऊन यायचा. झिंगराजीला तर तासातासाला तलफ यायची.

म्हाताऱ्यांना हे मुळीच आवडलं नाही. तुरुंगाचा शिपाई आला, म्हणायचे. झिंगराजी त्याच्या पाठीवर बसून त्यालाच शिव्या द्यायचा, "मायी चिलीम मायाजोळ नाई ठेवत, चोर कुठचा." पुंजाजी "हो जी, हो जी" करत त्याला उन्हात उतरवायचा, चिलीम भरून द्यायचा. शेट येता जाता हसायचा. "बिनपगारी चौकीदार," म्हणायचा. ऊब पाहिजे तर ऊब राहिली, छप्पर पाहिजे तर छप्पर राहिलं. मधलं जे काही होतं ते या माणसाने आपल्या पाठीवर घेतलं होतं. मी त्याला विचारलं, असं किती दिवस करणार? तो म्हणाला, "मले दुसरं सुचलं नाई जी. तुमाले सुचते का?"

गिरजाबाई एकदा माझ्याबरोबर गाडीत आली. नवऱ्याला पाहून ओसरीवर टेकली. "वांगे वायले," तिने सांगितलं. "मेथी जनावराईनं खाल्ली. मोट कोन हाकलन?" पुंजाजीने मान हलवली. ती म्हणाली, "घरी चाला." तो म्हणाला, "कापूस जाऊ दे." तिने बांधून आणलेली भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि आतल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलायला गेली. परतीच्या वाटेवर मात्र मला म्हणाली, "त्याचा बाप असाच रुईत निजून जयला होता, रेच्याच्या छपरात. तुमाले सांगतलं नसन त्यानं." नव्हतं सांगितलं. इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर गाडीत बसलो होतो आणि कापूस का पेरला नाही, हे त्याने ‘शिजत नाई’ एवढ्यावर भागवून नेलं होतं.

होळीच्या आसपास शेटने माल विकला. गाड्या आल्या, रुई बांधून गठाणी झाल्या, खोली रिकामी झाली. पुंजाजी येऊन बसल्यापासून एकही ठिणगी आत पडली नव्हती. शेट पंचांच्या बैठकीत म्हणाला, "पाहा, म्हनलं होतं ना मी, काई होत नाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. जिथे काही होतच नाही तिथे तपासनीस कशाला, असा मुद्दा मग कुणीतरी काढला आणि तो सगळ्यांना पटला. मी तिथे बसलो होतो. मी सांगून पाहिलं. पण न लागलेली आग मी पंचांना कुठून दाखवणार? घर जळलं असतं तर पुंजाजीचं म्हणणं खरं ठरलं असतं. ते जळलं नाही, म्हणून तो खोटा ठरला. माझं डोकं आजही यावर तापतं.

पंचांनी एक शेला आणि नारळ दिला आणि निरोप द्यायला मलाच पाठवलं. पुढे ती लढाई थांबली, भाव कोसळले आणि शेटला तिथे माल टाकायची वेळ पुन्हा आली नाही. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मी अकोल्याला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. खोली झाडलेली, खाटा पुन्हा जागेवर. पुंजाजी लिंबाखाली बसून बोचकं बांधत होता. मी शेला-नारळ पुढे केला आणि सांगितलं. त्याने नारळ कानाशी हलवून पाहिला. "बरं झालं जी," म्हणाला. "मेथी टाकाले उशीर झाला का?" मी म्हटलं, झाला. शेल्याकडे त्याने पाहिलंही नाही, तो गिरजाबाईला द्यायला माझ्याकडेच दिला.

एवढ्यात आतून झिंगराजीची हाक आली. "पुंजाजी, ने ना रे."

मी दारातून म्हटलं, "बाबा, आता कापूस गेला. खाटेवर बसून ओढा, कोण अडवतं?"

झिंगराजी म्हणाला, "आत कोन ओढते?" आणि दोन्ही हात पुढे करून बसला.

पुंजाजी उठला. गुडघ्यांवर हात टेकून, थांबत थांबत उठला. आत जाऊन खाटेपाशी पाठ वळवून खाली बसला. झिंगराजीने त्याच्या गळ्यात हात टाकले. ओसरी उतरताना त्याचे वाळलेले पाय पुंजाजीच्या मांड्यांवर आपटत होते. लिंबाखाली आणून ठेवल्यावर झिंगराजीने चिलमीची घाई केली नाही. ती मांडीवर तशीच ठेवून तो रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत बसला, कुणाची गाडी, कुठली बैलजोडी, ते मोठ्याने सांगत. टेका नसला तर त्याला बसता येत नसे. म्हणून पुंजाजी त्याच्या मागे, त्याच्या पाठीला पाठ लावून बसला होता. त्याचं तोंड भिंतीकडे होतं. तिकडे पाहण्यासारखं काही नव्हतं.

गाडीवान घाई करत होता. मी निघतो म्हणालो. मागे टेकलेला म्हातारा पडू नये म्हणून पुंजाजीने मान वळवली नाही, नुसता हात वर केला.